काठावरचा साग

जुन्या बोटीवरच्या सागाचं काय करायचं, याची तीन उत्तरं आहेत. ऑइलपेंट द्यावा, काहीच न लावता करडा होऊ द्यावा, किंवा वार्निश करावं. पहिलं स्वस्तातलं, दुसरं बिनकष्टाचं आणि तिसरं दर वर्षी हात भरून काम मागणारं. मी तिसऱ्याच्या बाजूची आहे. त्याचं कारण देखणेपण नाही, म्हणजे तेवढंच नाही.

आमची बोट शिडाची, लहान, चौघांच्या सामाईक मालकीची. अंग फायबरचं, लाकूड आहे ते फक्त काठावर. वरून फिरणारी रुंद पट्टी, तिच्या बाहेर धक्क्याला घासते ती जाड पट्टी, बसायच्या जागेभोवती पाणी अडवणाऱ्या उभ्या फळ्या, सुकाणूचा दांडा आणि चढता-उतरताना धरायच्या मुठी. सगळं मिळून एका पलंगालाही पुरणार नाही एवढा साग. पण ऊन, खारं पाणी आणि माणसाचा हात हे तिन्ही जिथे रोज भेटतात ती जागा हीच. बोटीत पाऊल टाकण्याआधी हात काठावर पडतो. वारा भरला की काठच धरतो. बोटीशी आपली ओळख असते ती या लाकडामार्फत.

पावसाळाभर ती रे रोडच्या पूर्वेला, बंदराकडच्या एका आवारात ताडपत्रीखाली उभी असते. शेजारी दारूखाना, म्हणजे जुनी जहाजं तोडण्याची जागा. कापलेल्या लोखंडाचा वास तिथून येत राहतो. गणपती गेले, पाऊस उलटला, ऑक्टोबरच्या उन्हाने आवारातला चिखल वाळला की ताडपत्री निघते आणि लाकडाची पाहणी सुरू होते.

लाकूड उन्हात नेमकं कसं बिघडतं हे आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी मेहनत त्यावर उभी आहे. लाकडाचे तंतू सेल्युलोजचे, आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं ते लिग्निन. उन्हातले अतिनील किरण या लिग्निनची मोडतोड करतात. उघड्या सागावर हे मोडलेलं लिग्निन पावसाबरोबर वाहून जातं आणि वर रुपेरी-करडे तंतू राहतात. साग मुळात तेलकट आणि कणखर, त्यामुळे तो अशा अवस्थेतही वर्षानुवर्षं टिकतो. करडा साग ठेवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण वार्निशखाली जे घडतं ते जास्त लबाड असतं. किरण पारदर्शक थरातून आरपार जातात, खालचं लिग्निन फोडतात, आणि वार्निशने जिथे पाय रोवलेले असतात तो पृष्ठभागच ढिला होतो. वार्निश वरून धड दिसतं आणि एक दिवस नख लावलं की पापुद्रा निघून येतो. म्हणून बोटीच्या वार्निशात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घातलेली असतात. तीही उन्हात हळूहळू संपतात. थर झिजण्याआधी, धरून असतानाच, त्यावर नवा हात द्यावा लागतो. थर सुटल्यावर दिलेला हात वाया जातो.

मग रंगच का नाही? आमच्यातल्या एकाचा हा दर वर्षीचा प्रश्न आहे, आणि तो चुकीचा नाही. रंगातून किरण लाकडापर्यंत पोचतच नाहीत. वर्सोव्याला किंवा ससून डॉकला जाऊन पाहा. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते, 61 दिवस. बोटी वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांना निळा, हिरवा, लाल, पिवळा असा झगझगीत रंग चढतो. काही मच्छीमार बोटी इतक्या देखण्या असतात की तिथून पाय निघत नाही. कामाच्या बोटीला रंगच हवा, यात मला शंका नाही. पण नाखवा त्या बोटीवर राहतो. फळीवर हातोडीची मूठ आपटून, आवाजावरून तो सांगतो की इथे लाकूड घट्ट आहे आणि तिथे पाणी शिरलंय. तो कान पिढ्यांनी तयार झालेला आहे. आम्ही रविवारी बोटीवर जाणारी माणसं. आमच्याकडे तो कान नाही, डोळे आहेत. आणि डोळ्यांना लाकूड दिसायला हवं.

वार्निशखाली लाकडाची तब्येत दिसते, हा माझा सगळा मुद्दा आहे. सांध्यात पाणी शिरलं की आधी रेषेपुरता साग गडद होतो, मग काळी कड उमटते, मग वार्निशखाली दुधाळ डाग पसरतो. लाकूड मऊ पडायच्या फार आधी हे सगळं दिसलेलं असतं. रंगाखाली तीच गोष्ट होते, पण रंग फुगेपर्यंत कळत नाही, आणि तोवर स्क्रूची पकड गेलेली असते.

साग हातात धरला की या शहराबद्दल एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले, ते जहाजं बांधायला. 1750 मध्ये इथे बॉम्बे डॉक, म्हणजे सुकी गोदी, उभी राहिली. आज लायन गेटच्या आत, नौदलाच्या आवारात ती आहे. पुढच्या पिढ्यांनी तिथे मलबारच्या सागातून जहाजांमागून जहाजं बांधली. त्यातलं ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरलं. त्याचे नकाशे इंग्लंडहून ज्या ‘जावा’ जहाजातून निघाले होते, ते 1812 मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं, आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले. युरोपात जहाजं ओकची होत. ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळ्यांना कुरतडतं. सागातलं तेल उलट त्यांना जपतं. ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगत आहे. 1990 ते 2001 या काळात तिची डागडुजी झाली आणि मूळ सागाचा बराच भाग तसाच राखता आला. दोनशे वर्षांपूर्वी ज्या सुतारांनी तो साग तासला त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि काठाची एवढीशी पट्टी घासतानाही वाटतो.

घासण्याच्या आधी खरवडणं येतं. आमच्या काठावर आधी कुणीतरी घरातल्या फर्निचरचं मेलामाइन पॉलिश केलेलं होतं. मुंबईत सुताराला ‘पॉलिश’ म्हटलं की बहुधा मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, समोर येतं. दारं-कपाटांवर ते काचेसारखं बसतं. पण ते कडक असतं. बोटीचं लाकूड उन्हात फुगतं, रात्री आकसतं, लाटेबरोबर पिळवटतं. कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो. त्या तड्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. काठावर जागोजागी पांढरट फोड आले होते ते याचेच.

हे सगळं काढण्याचं काम मेस्त्रींनी मला शिकवलं. मेस्त्री सिंधुदुर्गातले, बोटींवर सुतारकाम करण्यात हयात गेलेली. हीटगन डाव्या हातात, पत्ती उजव्या. गरम हवेने जुना थर सुरकुतला की लगेच पत्ती ओढायची, लाकडाच्या रेष्याच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने, स्वतःकडे. एकाच जागी हवा रेंगाळली तर साग करपतो आणि तो डाग खोलवर जातो. ‘‘ताई, हात थांबला की गनपण बाजूला,’’ हे ते इतक्या वेळा म्हणाले की आता माझा हात आपोआप तसा चालतो. पत्तीला धार हवी. सागात सिलिका असते, बारीक वाळूच म्हणा, आणि ती कुठल्याही हत्याराची धार बघता बघता खाते. बोथट पत्तीने जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती लाकडात रुतते. म्हणून मेस्त्रींच्या खिशात कानस कायम. थोडं खरवडायचं, धार लावायची, पुन्हा खरवडायचं. बघणाऱ्याला वाटतं माणूस वेळ काढतोय. खरं तर तोच सगळ्यांत पुढे असतो.

थर निघाला की गोड्या पाण्याने धुणं. ही पायरी पुष्कळजण गाळतात. लाकडावर मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि वार्निशखाली मीठ अडकलं की तिथे थर कधीच नीट धरत नाही. नुसत्या पाण्याने दोनदा धुवायचं आणि पुरतं वाळू द्यायचं.

वाळल्यावर काळे डाग उघडे पडतात. लोखंडाचा गंज लाकडातल्या द्रव्यांशी मिसळला की निळसर काळा डाग पडतो आणि तो पॉलिशपेपरने जात नाही. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं. मोझॅकच्या लाद्यांना पॉलिश करणारे जी पांढरी पूड वापरतात तीच ही. गरम पाण्यात विरघळवून डागावर लावली की काळा रंग डोळ्यांदेखत फिका होत जातो. हातात मोजे हवेत, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायला हवं; वाळलेली पूड घासताना नाकात गेली तर वाईट. साग त्यानंतर जरा फिकट, कोरा दिसतो. एक हात वार्निश चढलं की त्याचा मधाळ रंग परत येतो.

मग पॉलिशपेपर. 80 नंबरच्या खरखरीत पेपरने सुरुवात, मग बारीक होत 120, मग 220. कायम रेष्याच्या बाजूने. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही. वार्निश चढलं की भिंगाखाली ठेवल्यासारखा उठून दिसतो. पेपर ठोकळ्याला गुंडाळायचा, नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ रेषे खोल जातात आणि पृष्ठभाग लाटांसारखा होतो. हे काम मला आवडतं. त्यात डोकं मोकळं होतं वगैरे म्हणतात तसं नाही. उलट डोकं पूर्ण त्यात असतं. कुठल्या फळीचा रेषा कुठे वळलाय, कुठे गाठीभोवती तो उलटा फिरलाय, हे बोटांना कळायला लागतं. पुढच्या वर्षी तीच फळी पुन्हा हाताखाली येते तेव्हा ती ओळखीची असते.

स्क्रूंबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बोटीवरचं बहुतेक कुजणं स्क्रूपासून सुरू होतं. काठाची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागाचं गोल बूच बसवून ते पट्टीच्या पातळीत तासलेलं असतं. नागदेवी स्ट्रीटवर, हार्डवेअरच्या बाजारात, पितळी स्क्रू हवे तेवढे मिळतात आणि दिसायला झकास असतात. पण पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात झिरपून जातं. उरतं ते गुलाबी, ठिसूळ तांबं. बाहेरून स्क्रू शाबूत दिसतो आणि फिरवायला गेलं की मान तुटते. स्टेनलेस स्टीलचाही आंधळा भरवसा नको; ओल्या लाकडात हवा न मिळता तो अडकून राहिला तर त्यालाही खड्डे पडतात. कांस्याचे स्क्रू सर्वांत चांगले, पण ते शोधावे लागतात आणि महाग पडतात. आम्ही ते घेतले. इथे पैसे वाचवणं म्हणजे लाकूड घालवणं.

बूच बसवताना त्याचा रेषा पट्टीच्या रेष्याशी जुळवायचा, नाहीतर तासताना ते पातळीच्या खाली उचकटतं. आणि ते चिकटवायचं कशाने? आमच्यातला एक इपॉक्सीच्या, म्हणजे कायमच्या चिकटणाऱ्या गोंदाच्या, बाजूचा होता. मेस्त्रींनी मान हलवली. ‘‘उद्या स्क्रू काढायचा झाला तर तुम्ही काय लाकूड फोडणार?’’ बूच नुसतं वार्निशात बुडवून ठोकायचं. ते घट्ट बसतं, पाणी अडवतं, आणि वेळ आली की मधोमध छोटं भोक पाडून अलगद बाहेर येतं. पुढे कधीतरी दुसरा कुणी हे उघडणार आहे, हे धरून काम करणं मी त्यांच्याकडे पाहिलं. घरांच्या, इमारतींच्या कामात ते आता फारसं दिसत नाही.

वार्निश कुठलं? जुन्या काळी राळ आणि चंद्रस (हीही एक राळच) बेलतेलात, म्हणजे जवसाच्या तेलात, शिजवून ते करत. आजच्या डब्यांतही मूळ कृती तीच: तेल, राळ आणि टर्पेंटाइनसारखं पातळ करणारं द्रव्य, बदलली ती राळ, ती आता कारखान्यात बनते. बोटीसाठी तेलाचं प्रमाण जास्त असलेलं वार्निश लागतं. त्याला स्पार वार्निश म्हणतात, कारण ते मुळात डोलकाठ्यांसाठी होतं. डोलकाठी वाऱ्याने वाकते, तिच्याबरोबर वाकणारा थर हवा. तो थोडा मऊ असतो, टेबलावर चालणार नाही, पण काठावर तोच टिकतो. बेलतेलाची किंवा वार्निशची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, हेही इथेच सांगते. तेल हवेतला प्राणवायू घेत सुकतं, त्यात उष्णता निर्माण होते, आणि बोळ्याच्या आत ती साचली तर फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून ठेवायची किंवा दोरीवर सुटी पसरायची.

सागाचं तेल त्याला वाचवतं, पण वार्निशला तेच नको असतं. म्हणून पहिल्या हाताच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने लाकूड पुसून घ्यायचं, वरचं तेल तेवढं काढायचं, आणि आतलं तेल पुन्हा वर यायच्या आत हात द्यायचा. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पाण्यासारखा पातळ. तो दिसण्यासाठी नसतो, मुरण्यासाठी असतो. दुसरा थोडा दाट, तिसरा आणखी. नंतरचे जवळजवळ डब्यातले तसेच. कोऱ्या लाकडावर सहा ते आठ हात झाल्याशिवाय काम झालं असं म्हणू नये. प्रत्येक दोन हातांमध्ये 320 च्या पेपरने हलकं घासायचं. चकाकी मारली गेली आणि सगळीकडे सारखी मंद झाली की पुढचा हात धरतो.

आता मुंबईची हवा. इथे वार्निशचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात प्रश्नच नाही, मे महिन्यात हवा इतकी ओली असते की थर धुरकटतो. हिवाळ्यातही सबंध दिवस मिळत नाही. पहाटे दव असतं; काठावर हात फिरवला की तळवा ओला होतो. ते उडेपर्यंत थांबायचं. सकाळी जमिनीकडून मतलई वाहत असते, कोरडी, आणि तोच आपला वेळ. दुपारकडे वारा फिरतो. खारा वारा पश्चिमेकडून निघतो तो सगळं शहर ओलांडून आमच्या पूर्व किनाऱ्यावर येतो, आणि येताना शहराची धूळ घेऊन येतो. शहरात जिथे तिथे खोदकाम चालू असताना ही धूळ थोडी नसते. दुपारच्या तापलेल्या लाकडावर हात दिला तर आणखी एक अडचण: लाकडाच्या छिद्रांतली हवा गरम होऊन फुगते आणि ओल्या थरात बुडबुडे येतात. म्हणून सावलीत, सकाळीच, आणि खारा वारा उठायच्या आत ब्रश धुऊन ठेवायचा. मेस्त्री काम सुरू करण्याआधी बोटीभोवती पाण्याचा सडा टाकतात, धूळ खाली बसावी म्हणून. त्यांचं सबंध वेळापत्रक वाऱ्यावर बांधलेलं आहे.

डबा हलवायचा नाही, काठीने सावकाश ढवळायचा. हलवला की हवा मिसळते. लागेल तेवढं मलमलीतून गाळून वाटीत घ्यायचं, ब्रश डब्यात कधीच बुडवायचा नाही. आधी आडवं पसरायचं, मग ब्रशची टोकं नुसती टेकवत रेष्याच्या बाजूने एकदाच ओढायची. मागे वळून बघायचं नाही. सुकायला लागलेल्या जागेवर ब्रश पुन्हा गेला की ती जागा खरवडल्यासारखी दिसते. उभ्या फळीवर जास्त झालं तर ओघळ उतरतात, आणि जाड ओघळ वरून सुकतो, आतून ओलाच राहतो, त्यावर सुरकुत्या पडतात.

या वर्षी पाहणीत पुढच्या नाकाशी, जिथे दोन्ही काठांच्या पट्ट्या एकत्र येतात, तिथे केसाएवढी काळी रेघ दिसली. बाकी सगळा काठ सोन्यासारखा होता. रंग असता तर ती रेघ आम्हाला दिसलीच नसती. मेस्त्रींनी जवळचं बूच भोक पाडून काढलं. खाली लोखंडी स्क्रू होता. बाकी सगळे कांस्याचे बदललेले असताना हा एक कुठल्यातरी जुन्या डागडुजीतला, पट्टीच्या आडोशाला राहून गेलेला. साग लोखंडाला खात नाही, पण खारं पाणी खातंच. स्क्रू गंजून सुईएवढा झाला होता आणि त्याच्या कडेने पाणी सांध्यात उतरत होतं. पटाशीचं टोक आत घालून पाहिलं. लाकूड काळं होतं, पण टणक. भोक ऑक्झॅलिकने धुतलं, आठवडाभर वाळू दिलं, सांधा उघडून पुन्हा सील केला, नवा स्क्रू घातला, नवं बूच वार्निशात बुडवून ठोकलं. रंगाच्या बाजूचा आमचा मित्र शेजारी उभा राहून हे सगळं पाहत होता. बूच तासायला त्यानेच पटाशी मागून घेतली.

त्या जागेवर आतापर्यंत चार हात झालेत. उरलेले फेब्रुवारीत, दव कमी झालं की. डाव्या बाजूची घासपट्टी या वर्षी होणार नाही असं दिसतंय. तिला तात्पुरते दोन हात चढवून मेआधी ताडपत्रीखाली घ्यायचं ठरलंय.